नवारिनो, २० ऑक्टोबर १८२७: नांगर टाकून लढली गेलेली शिडांच्या जहाजांची लढाई

दर्यासारंग

शिडांच्या जहाजांच्या काळातील निर्णायक लढाई म्हटली की १८०५ च्या ट्रफाल्गरचे नाव आधी निघते. ट्रफाल्गरचे महत्त्व मी नाकारत नाही. पण त्या विजयानंतरही नेपोलियनचा अंत व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली. एका दुपारच्या आरमारी लढाईने एका देशाचे भवितव्य पालटल्याचे उदाहरण हवे असेल, तर मी नवारिनोकडे बोट दाखवीन. १८२७ च्या उन्हाळ्यात तुर्की सुलतानाविरुद्धचे ग्रीसचे बंड विझत आले होते. बंडखोरांचे मिसोलोंगी शहर आदल्या वर्षी पडले होते, जूनमध्ये अथेन्सचा अक्रोपोलिसही तुर्कांच्या हाती गेला होता. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याचा मुलगा इब्राहिम पाशा १८२५ पासून पेलोपोनीसमध्ये, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात, गावांमागून गावे उजाड करीत फिरत होता. असे असूनही फेब्रुवारी १८३० मध्ये ग्रीस स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्य झाला. मधल्या काळात पुष्कळ काही घडले, परंतु त्या साऱ्याची वाट नवारिनोच्या उपसागरातून गेली.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. ६ जुलै १८२७ रोजी ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी लंडन येथे करार केला. दोन्ही पक्षांनी लढाई थांबवावी आणि सुलतानाच्या नाममात्र अधिसत्तेखाली ग्रीसला स्वायत्तता मिळावी, अशी त्यांची मागणी होती. ग्रीकांनी ती मान्य केली. सुलतान दुसरा महमूद याच्या दरबाराने ती धुडकावली. तेव्हा भूमध्य समुद्रातील तिन्ही आरमारप्रमुखांना आदेश गेले की, तुर्की-इजिप्शियन सैन्याची रसद तोडावी, पण युद्ध मात्र करू नये. ही कसरत कशी करायची, हे सांगण्याची तसदी कोणत्याही राजधानीने घेतली नाही. ब्रिटिश आरमारप्रमुख सर एडवर्ड कॉड्रिंग्टन याने कॉन्स्टँटिनोपलमधील राजदूत स्ट्रॅटफर्ड कॅनिंगला खुलासा विचारला, तेव्हा इतर सर्व उपाय थकल्यावर तोफेचा गोळा हाच उपाय, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. कॉड्रिंग्टन मुत्सद्दी नव्हता. ट्रफाल्गरला ‘ओरायन’ या जहाजाचा कप्तान म्हणून तो लढला होता, आणि त्याने हे उत्तर अक्षरशः घेतले.

२५ सप्टेंबरला कॉड्रिंग्टन आणि फ्रेंच आरमारप्रमुख द रिन्यी यांनी इब्राहिमची त्याच्या तंबूत भेट घेतली. वरून हुकूम येईपर्यंत आरमार हलवणार नाही, असे त्याने तोंडी कबूल केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याची काही जहाजे उत्तरेकडील पात्रास बंदराच्या दिशेने निघाली आणि कॉड्रिंग्टनने ती अडवून परत फिरवली. त्यानंतर समुद्रावर शांतता राहिली, पण उपसागराभोवतालच्या मेसिनिया प्रांताच्या किनाऱ्यावरून जळणाऱ्या गावांचा आणि ऑलिव्हच्या बागांचा धूर जहाजांवरून दिसू लागला. इकडे हिवाळा तोंडावर होता, आणि उघड्या समुद्रात शिडांच्या जहाजांनी हिवाळाभर नाकेबंदी चालवणे अत्यंत धोक्याचे असते. १८ ऑक्टोबरला तिघे आरमारप्रमुख एकत्र बसले. तिसरा होता रशियाच्या वतीने लोगिन हायडन, जन्माने डच. बाहेर राहून वादळे अंगावर घेण्यापेक्षा उपसागरात शिरून इब्राहिमच्या आरमाराशेजारीच नांगर टाकावा, असे त्यांनी ठरवले.

आता त्या उपसागराची रचना पाहा. पश्चिमेला स्फाक्टेरिया नावाचे लांबट, खडकाळ बेट भिंतीसारखे उभे आहे. आत शिरण्याची खरी वाट दक्षिणेकडून, बेटाचे टोक आणि नवारिनोचा किल्ला यांच्यामधून, आणि दोन्ही बाजूंना तोफा. आत तुर्की-इजिप्शियन आरमार घोड्याच्या नालेच्या आकारात नांगरलेले होते. ही मांडणी लतेलिये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने करून दिली होती. मोठी जहाजे पुढच्या रांगेत, त्यांच्यामधील फटींतून मारा करता यावा म्हणून लहान जहाजे मागच्या रांगांत, आणि दोन्ही टोकांजवळ अग्निनौका, म्हणजे पेटवून शत्रूवर सोडायच्या, जळाऊ पदार्थांनी भरलेल्या नौका. एकूण लहानमोठी पाऊणशेच्या आसपास जहाजे होती, पण त्यांत दोन-तीन तोफमजल्यांची, रणरांगेत उभी राहण्याजोगी जहाजे अवघी तीन. बाकी फ्रिगेट, कॉर्व्हेट आणि ब्रिग ही क्रमाने लहान होत जाणारी लढाऊ जहाजे. मित्रपक्षांकडे लहानमोठी सव्वीस-सत्तावीस जहाजे होती, मात्र त्यांतील दहा रणरांगेची होती: इंग्रजांची तीन, फ्रेंचांची तीन आणि रशियाची चार. तोफांची नुसती बेरीज केली तर तुर्कांचे पारडे जड दिसते, दोन हजारांच्या आसपास तोफांसमोर सुमारे तेराशे. ही बेरीज फसवी का आहे, हे चर्चेत येईलच.

२० तारखेला दुपारी दक्षिण-नैऋत्येच्या मंद वाऱ्यावर कॉड्रिंग्टनचे ‘एशिया’ सर्वांत पुढे आत शिरले. इब्राहिमची परवानगी नसल्याने आत येऊ नये, असा निरोप घेऊन एक होडी आली. आपण हुकूम घ्यायला नव्हे तर द्यायला आलो आहोत, असे त्याने कळवले. विशेष म्हणजे किल्ल्यावरच्या तोफांनी त्या वेळी एकही गोळा टाकला नाही. दोनच्या सुमारास ‘एशिया’, ‘जिनोआ’ आणि ‘अल्बियन’ यांनी नालेच्या आतल्या बाजूला, समोरच्या जहाजांच्या अगदी जवळ नांगर टाकले. प्रवेशद्वाराजवळच्या अग्निनौकांवर नजर ठेवण्याचे काम ‘डार्टमथ’ या फ्रिगेटकडे होते. एका अग्निनौकेवर हालचाल दिसली, म्हणून तिला दूर सरण्यास सांगण्यासाठी ‘डार्टमथ’ने होडी पाठवली. त्या होडीवर बंदुकीच्या गोळ्या आल्या आणि लेफ्टनंट जॉर्ज फिट्झरॉय मारला गेला. ‘डार्टमथ’ने बंदुकांनीच उत्तर दिले, फ्रेंच ध्वजनौका ‘सिरेन’वरूनही बंदुका झाडल्या गेल्या, मग एका इजिप्शियन जहाजाने तोफ डागली आणि काही मिनिटांत साऱ्या उपसागरात आग पसरली.

‘एशिया’च्या एका बाजूला कप्तान-बे या तुर्की आरमारी सरदाराचे जहाज होते आणि दुसऱ्या बाजूला इजिप्शियन आरमारप्रमुख मोहर्रम बे याचे. आपण गोळीबार करणार नाही, असे मोहर्रमने कळवले होते. म्हणून कॉड्रिंग्टनने आपला ग्रीक वाटाड्या व दुभाषा पीटर मिचेल याला बोलणी करण्यासाठी त्याच्याकडे पाठवले. मिचेल होडीतच मारला गेला, आणि मग त्या बाजूनेही तोफा सुरू झाल्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्व संपले. मित्रपक्षांचे सुमारे १८० लोक ठार झाले, पण त्यांचे एकही जहाज बुडाले नाही. तुर्की-इजिप्शियन बाजूची पन्नासहून अधिक जहाजे नष्ट झाली आणि माणसे हजारोंनी मेली. निकामी झालेली जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून तुर्क रात्रभर स्वतःच पेटवून देत होते, त्यामुळे पहाटेपर्यंत स्फोट चालू होते.

माझे म्हणणे असे की, या लढाईचा निकाल पहिली गोळी सुटण्यापूर्वी, नांगर कुठे पडले यावरच लागला होता. पहिली गोळी कोणाची, या प्रश्नावर इतिहासकारांनी शाई खूप खर्च केली. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. जाणकारांनी मत द्यावे.

सागवानी

लेख आवडला, परंतु आपल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण सांगितलीच नाही. कॉड्रिंग्टनचे ‘एशिया’ हे ८४ तोफांचे जहाज मुंबईच्या गोदीत बांधले गेले आणि जानेवारी १८२४ मध्ये पाण्यात उतरले. त्या वेळी गोदीचे मुख्य बांधणीकार नौरोजी जमशेटजी वाडिया होते. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि तेव्हापासून हे पद पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्यात राहिले. लवजींच्या काळातली १७५० ची बॉम्बे डॉक ही कोरडी गोदी आणि नंतरची डंकन डॉक, या दोन्ही आजही नौदलाच्या मुंबई गोदीत आहेत.

आराखड्याची कथा तर याहून सुरस आहे. १७९८ च्या नाईलच्या लढाईत नेल्सनने ‘फ्रँकलिन’ नावाचे फ्रेंच जहाज पकडले. ते इंग्रजांना इतके पसंत पडले की त्यांनी त्याला ‘कॅनोपस’ असे नाव देऊन वापरले आणि त्याच्याच आराखड्यावर नवी जहाजे बांधण्याचे ठरवले. त्या मालिकेतील ‘गँजेस’ १८२१ मध्ये आणि त्यानंतर ‘एशिया’, ही दोन्ही मुंबईत बांधली गेली. ‘जिनोआ’ सुद्धा मूळचे फ्रेंचच, १८१४ मध्ये जिनोआ शहर घेतले तेव्हा गोदीत अर्धवट बांधलेल्या अवस्थेत ते इंग्रजांना मिळाले. म्हणजे नवारिनोत इंग्रजांच्या तीन मोठ्या जहाजांपैकी दोघांचा घाट फ्रेंच, त्यांतल्या एकाचे लाकूड मलबारचे, कारागीर मुंबईचे, आणि शेजारी मित्र म्हणून उभे राहिलेले पुन्हा फ्रेंच!

ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते; सागातील तेलकटपणा ते जपतो. त्यामुळे सागाची जहाजे दीर्घायुषी ठरत. ‘एशिया’ तर १९०८ मध्ये मोडीत निघेपर्यंत टिकले.

दर्यासारंग

@सागवानी, ‘एशिया’चा हा भाग माहीतगाराने लिहावा म्हणून मुद्दाम मोकळा ठेवला होता, असे म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण आपण तो माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे. एकच पुरवणी जोडतो. त्या सागाची दुसरी बाजूही आहे. आरमाराला लाकूड कमी पडू नये म्हणून कंपनी सरकारने १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन याला वनसंरक्षक नेमले. त्याने खासगी जमिनींवरच्या सागावरही सरकारी हक्क सांगितला. जमीनदार आणि लाकूड व्यापारी यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. त्यापुढच्याच वर्षी ‘एशिया’ पाण्यात उतरले.

तटस्थ_वाचक

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्याचा कल पूर्णपणे विजेत्यांकडे झुकलेला आहे, असे नम्रपणे नमूद करतो. तुर्कस्तान आणि या तीन सत्ता यांच्यामध्ये त्या दिवशी युद्ध नव्हते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिघांचेही राजदूत बसलेले होते. अशा स्थितीत परक्या सार्वभौम राज्याच्या बंदरात परवानगीशिवाय दहा मोठ्या जहाजांनिशी शिरायचे, तोफा भरलेल्या ठेवायच्या, आणि समोरच्याने गोळी झाडली की स्वसंरक्षण म्हणून त्याचे आरमार बुडवायचे, याला आज आपण काय म्हटले असते?

इब्राहिमच्या बाजूचा एक मुद्दा तर पुष्कळदा गाळलाच जातो. लढाई थांबवण्याची अट दोन्ही पक्षांना लागू होती. ग्रीकांनी ती मान्य केली खरी, पण सप्टेंबरच्या अखेरीस फ्रँक अॅबनी हेस्टिंग्ज हा ग्रीकांच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी ‘कार्टेरिया’ ही वाफेची नौका घेऊन कॉरिंथच्या आखातात शिरला आणि इतेआजवळ त्याने तुर्कांच्या एका तुकडीची राखरांगोळी केली. इब्राहिमने तक्रार केली की, मला बांधून ठेवता आणि ग्रीकांना मोकळे सोडता, हा कुठला न्याय? त्याची जहाजे पात्रासकडे निघाली ती या घटनेनंतर. हा संदर्भ दिला नाही की त्याचा शब्दभंग निष्कारण वाटतो.

आणि पहिल्या गोळीचा प्रश्न दुय्यम म्हणता येणार नाही. साऱ्या कारवाईचे समर्थनच त्यावर उभे होते.

दर्यासारंग

@तटस्थ_वाचक, हेस्टिंग्जचा मुद्दा रास्त आहे आणि तो या धाग्यात यायलाच हवा होता. इब्राहिमच्या तक्रारीत तथ्य होते. मात्र त्याच काळात त्याचे सैन्य मेसिनियात जी जाळपोळ करीत होते, ती हेस्टिंग्जच्या तुकडीचा प्रतिकार नव्हता. ऑलिव्हचे झाड फळाला यायला कित्येक वर्षे लागतात. ते तोडणारा शत्रूच्या सैन्याशी लढत नाही, तिथल्या वस्तीचे पुढचे भविष्य कापून टाकतो. ‘केंब्रियन’ या ब्रिटिश जहाजाचा कप्तान हॅमिल्टन याने किनाऱ्यावर उतरून पाहिले, तेव्हा लोक उकडलेले गवत खाऊन जगत असल्याचे त्याने कळवले होते.

परवानगीशिवाय शिरणे बेकायदेशीर होते का? आजच्या कसोटीवर बहुधा होय, आणि त्या काळच्या कसोटीवरही वादग्रस्तच. म्हणूनच मी पहिल्या गोळीला दुय्यम म्हणतो. होडीवर गोळी झाडणारा तो अनामिक खलाशी घाबरलेला असेल किंवा चिडलेला. जळाऊ पदार्थांनी भरलेल्या नौकेवर उभ्या असलेल्या माणसाशेजारी शत्रूची सशस्त्र होडी आली तर तो दुसरे काय करणार? त्याला त्या जागी आणून ठेवणारे निर्णय आधीच झाले होते. लंडनमध्ये शब्द मोघम ठेवले गेले, १८ ऑक्टोबरला आत शिरायचे ठरले आणि २० तारखेला नांगर त्या अंतरावर पडले. या तिन्हींनंतर गोळी सुटली नसती तरच नवल. जबाबदारी मोजायची तर ती होडीपाशी नव्हे, या तीन ठिकाणी मोजावी.

कॉड्रिंग्टनला लढाई हवीच होती, असे मात्र मला वाटत नाही. तुर्कांकडून तोफ डागली गेल्याशिवाय कोणीही तोफ डागू नये, असा त्याचा लेखी हुकूम होता. मोहर्रमकडे मिचेलला पाठवले तेव्हा दुसऱ्या बाजूने त्याच्या जहाजावर गोळे पडत होते, तरीही त्याने ही बाजू शांत ठेवली होती. मात्र आपल्या आरमाराचा नुसता दरारा पुरेल, असा त्याचा जो समज होता, तो भाबडा होता. शिवाय त्याच आदेशपत्रात त्याने नेल्सनचे वचन उद्धृत केले की, आपले जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवणारा कप्तान फारसा चुकत नाही. शांततेसाठी निघालेल्या सेनापतीने अधिकाऱ्यांना द्यायचा हा संदेश नव्हे.

गोलंदाज

तोफांची बेरीज फसवी का, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

पहिली बाब लाकडाची. रणरांगेच्या जहाजाच्या कुशीची जाडी दोन फुटांच्या घरात असे. फ्रिगेट किंवा कॉर्व्हेटची त्यापेक्षा बरीच कमी. ‘एशिया’च्या खालच्या मजल्यावर ३२ पौंडी गोळे फेकणाऱ्या तोफा होत्या. असा गोळा जवळून कॉर्व्हेटवर बसला तर आरपार जातो. कॉर्व्हेटच्या हलक्या तोफेचा गोळा ‘एशिया’च्या कुशीत रुतून बसण्याची शक्यता अधिक. त्यामुळे वीस तोफांची चार लहान जहाजे मिळून ऐंशी तोफांच्या एका जहाजाची बरोबरी करीत नाहीत. त्यांच्या तोफा मोजता येतात, भिंती मात्र मोजल्या जात नाहीत.

दुसरी बाब नांगराची. नांगरलेले जहाज वारा आणि प्रवाह यांच्या ओढीने फिरते आणि त्याच्या तोफांची बाजू शत्रूकडून सरकते. म्हणून नांगराच्या जाड दोराला दुसरा दोर बांधून तो जहाजाच्या मागच्या अंगाने आत घेतात. तो ओढला की जहाज जागच्या जागी वळते आणि तोफांचा रोख हवा तिथे लावता येतो. ही युक्ती दोन्ही बाजूंना ठाऊक होती. पण गोळ्यांच्या वर्षावात ते दोर सांभाळणे, तुटले की पुन्हा बांधणे आणि त्याच वेळी तोफा भरत राहणे, यासाठी कसलेले खलाशी लागतात. तुर्की आरमाराची नेमकी इथेच पंचाईत होती. बंडापूर्वी त्यांच्या जहाजांवरचे निष्णात खलाशी बहुतांशी ग्रीक बेटांवरचे होते, आणि तेच आता विरुद्ध बाजूला होते. इजिप्शियन जहाजांवर फ्रेंच प्रशिक्षक होते खरे, पण द रिन्यीने लढाईपूर्वीच त्यांना पत्र लिहून निघून जाण्यास सांगितले. ज्याने नालेची मांडणी केली तो लतेलियेही गेला.

तिसरी बाब त्या मांडणीचीच. नाल बाहेरून चालून येणाऱ्याला कोंडीत पकडण्यासाठी असते: शत्रू मध्ये आला की तीन बाजूंनी मारा. परंतु त्यासाठी शत्रू आत येत असतानाच मारा व्हायला हवा, कारण शिडे गुंडाळण्याच्या व नांगर टाकण्याच्या गडबडीत असलेले जहाज सर्वांत असहाय असते. इब्राहिम त्या दिवशी आरमारात नव्हता, आणि युद्ध पुकारलेले नसल्याने पहिली तोफ डागण्याची जबाबदारी कोणी घेईना. तो अर्धा-पाऊण तास वाया गेला आणि मोठी जहाजे आतून भिडून स्थिर झाली. म्हणून दर्यासारंग यांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, फक्त त्याचे श्रेय कॉड्रिंग्टनच्या चातुर्यापेक्षा तुर्कांच्या संभ्रमाला अधिक देईन.

रशियन जहाजांना मात्र ही सवलत मिळाली नाही. ती सर्वांत शेवटी आत आली, तोवर किल्ल्याच्या व बेटाच्या तोफा जाग्या झाल्या होत्या. धुरामुळे समोरचे दिसत नसताना त्यांना नालेच्या पश्चिमेकडील भागात जागा घ्यावी लागली. ध्वजनौका ‘अझोव्ह’ला १५३ गोळे लागले, त्यांतले सात पाण्याच्या पातळीखाली. त्या जहाजाचा कप्तान मिखाईल लाझारेव्ह होता, आणि त्याच्या हाताखाली नाखिमोव्ह, कॉर्निलोव्ह आणि इस्तोमिन हे तरुण होते. हे तिघेही पुढे क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या बचावात मारले गेले.

कुलाबकर

आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते अशा बंदिस्त पाण्यात या दहा मोठ्या जहाजांना भारी पडली असती, असे मला वाटते. आपणा सर्वांचे काय मत?

दर्यासारंग

@कुलाबकर, आंग्र्यांचे आरमार हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. त्यासाठी वेगळा धागा काढावा, मी आवर्जून येईन. येथे एवढेच म्हणतो की, वल्ह्यांनी चालणाऱ्या, उथळ तळाच्या नौकांचे बळ वारा पडला असता मागून भिडण्यात आणि वेळ आली तर उथळ पाण्यात निसटण्यात असते. नवारिनोत निसटायला जागाच नव्हती.

पायीपायी

ज्यांना तिकडे जाणे शक्य आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. नवारिनोचे आजचे नाव पायलोस. अथेन्सहून कालामातामार्गे रस्त्याने जाता येते. गावाच्या मुख्य चौकाचे नावच ‘तीन आरमारप्रमुखांचा चौक’ असे आहे आणि तेथील स्तंभावर कॉड्रिंग्टन, द रिन्यी आणि हायडन यांच्या प्रतिमा कोरल्या आहेत. किल्ला, म्हणजे निओकास्त्रो, गावाला लागूनच आहे. त्याच्या तटावरून पाहिले की उपसागराचे तोंड, बेट आणि आतली गोल जागा एका नजरेत येते, आणि धाग्यातील वर्णन चटकन समजते. ब्रिटिशांचे स्मारक उपसागराच्या मध्यावरील एका इवल्याशा खडकाळ बेटावर आहे. रशियन स्मारक स्फाक्टेरियावर, आणि फ्रेंच स्मारक त्याच्या दक्षिण टोकाशेजारच्या छोट्या बेटावर. तिथे होडीने जावे लागते.

हेच स्फाक्टेरिया इ. स. पूर्व ४२५ मध्येही गाजले होते. अथेन्सच्या सैन्याने या बेटावर स्पार्टाच्या तुकडीला कोंडले आणि स्पार्टाचे योद्धे शरण आले. तेव्हाच्या ग्रीक जगाला हा मोठाच धक्का होता. म्हणजे या उपसागरात अडकून पडण्याची परंपरा जुनी आहे.

अडगळ

शीर्षकात आपण जपून लिहिले आहे, पण इतरत्र नवारिनोला सर्रास ‘शिडांच्या युगातील शेवटची लढाई’ म्हणतात, त्याबद्दल. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी काळ्या समुद्रावरील सिनोप येथे, वर उल्लेख आलेल्या त्याच नाखिमोव्हने रणरांगेच्या सहा जहाजांनिशी तुर्की आरमाराची एक तुकडी बंदरातच जाळून टाकली. ती जहाजेही शिडांचीच होती. मग शेवटची कोणती? आणि दुसरा प्रश्न असा की, लढाईने ग्रीस स्वतंत्र झाला असे आपण सुचवता, पण लंडनच्या करारात तर केवळ स्वायत्ततेची मागणी होती. मधले अंतर कोणी कापले?

दर्यासारंग

@अडगळ, दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

केवळ शिडांच्या जहाजांनी दोन्ही बाजूंनी लढलेली शेवटची मोठी लढाई म्हणजे नवारिनो, एवढे विधान टिकते. सिनोपला लढणारी मुख्य जहाजे शिडांची होती, हे खरे; पण लढाईच्या अखेरीस रशियन वाफेच्या नौका येऊन पोहोचल्या होत्या आणि तुर्कांकडूनही एक वाफेची नौका निसटून गेली. त्याहून मोठा फरक दारूगोळ्याचा होता. नवारिनोत मुख्यतः भरीव लोखंडी गोळे वापरले गेले. ते लाकूड फोडतात, माणसे मारतात, पण जहाज सहजासहजी बुडवीत नाहीत. म्हणूनच चार तास तोफा चालूनही मित्रपक्षांचे एकही जहाज गेले नाही, आणि तुर्कांची बरीच जहाजे आगीने किंवा स्वतःच्या लोकांच्या हातून गेली. सिनोपला नाखिमोव्हने आत शिरून फुटणारे बॉम्बगोळे वापरले आणि लाकडी जहाजांचा कमकुवतपणा तिथे उघड झाला. हेस्टिंग्जने ‘कार्टेरिया’वर १८२७ मध्येच जड तोफांतून असे फुटणारे गोळे आणि भट्टीत लाल केलेले गोळे वापरले होते. म्हणजे नवारिनोच्या तीनच आठवडे आधी, फार दूर नसलेल्या आखातात, पुढच्या युगाची लढाई होऊन गेली होती आणि तिच्याकडे आरमारी जगाचे पुरेसे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. लढाई जिंकली खरी, पण लंडनमध्ये तिचे स्वागत झाले नाही. ज्याने हे धोरण आखले तो पंतप्रधान जॉर्ज कॅनिंग ऑगस्टमध्येच वारला होता. जानेवारी १८२८ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन सत्तेवर आला आणि त्या महिन्यात संसदेपुढे झालेल्या राजाच्या भाषणात नवारिनोचा उल्लेख एक दुर्दैवी घटना असा झाला. तुर्कस्तान दुबळा झाला की रशिया भूमध्य समुद्रात उतरेल, ही भीती त्यामागे होती. कॉड्रिंग्टनला आधी मानसन्मान मिळाले आणि १८२८ च्या जूनमध्ये त्याला परत बोलावण्यात आले. नवारिनोतून वाचलेल्या जहाजांनी पुढे ग्रीक बंदिवानांना गुलाम म्हणून अलेक्झांड्रियाला नेले आणि त्याने ते अडवले नाही, हाही ठपका त्याच्यावर होता. परंतु पदावरून उतरण्यापूर्वी, ऑगस्टमध्ये, तो अलेक्झांड्रियाला गेला आणि पेलोपोनीसमधून सैन्य परत बोलावण्याचा करार त्याने मुहम्मद अलीकडून करून घेतला. आरमार गेल्यामुळे इब्राहिमची रसद तुटलेलीच होती. जनरल मेझों याच्या हाताखालील फ्रेंच सैन्य उतरल्यावर ऑक्टोबर १८२८ मध्ये इब्राहिम ग्रीस सोडून गेला.

स्वायत्ततेकडून स्वातंत्र्याकडचे अंतर मात्र प्रामुख्याने रशियाने कापले. लढाईनंतर सुलतानाने आधीचे करार झिडकारले, एप्रिल १८२८ मध्ये रशियाने युद्ध पुकारले, आणि रशियन सैन्य कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेवरील एड्रियनोपलपर्यंत पोहोचल्यावर १८२९ च्या सप्टेंबरमध्ये सुलतानाला तह करावा लागला. आता ब्रिटन आणि फ्रान्सला नवीच चिंता लागली. सुलतानाच्या अधिसत्तेखाली राहिलेला अर्धवट स्वायत्त ग्रीस उद्या रशियाच्या खिशात गेला तर काय, त्यापेक्षा पूर्ण स्वतंत्र ग्रीस परवडला, असा विचार करून ३ फेब्रुवारी १८३० च्या लंडन येथील करारपत्राने त्याला मान्यता दिली गेली. नवारिनोशिवाय हे झाले असते का? सुलतानाचे आरमार शाबूत असते, तर काळ्या समुद्रातून किनाऱ्याकिनाऱ्याने रसद पुरवीत रशियाला १८२९ मध्ये बाल्कन पर्वत ओलांडणे फार कठीण गेले असते. म्हणून मी या लढाईला निर्णायक म्हणतो.

सागवानी

‘एशिया’ १८५८ पासून पोर्टस्मथला बंदर-राखणीच्या कामावर होते, म्हणजे नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चे ते शेजारी, ‘व्हिक्टरी’ जतन झाले आणि ‘एशिया’ लिलावात गेले. मुंबईच्या गोदीतील त्या काळातले काम प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर १८१७ मध्ये तिथेच बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे फ्रिगेट इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. ते सागाचेच आहे आणि आतून फिरून पाहता येते.